अनुजाताईंचं गाणं कोण वाजवत होतं?

१. कोरी पाटी

महाशिवरात्र आठवड्यावर आली होती, आणि अनुजा पुजारेची सगळी गाणी नाहीशी झाली.

अनुजा मालवणची कीर्तनकार. ती नारदाच्या गादीवर उभी राहिली की समोरचा म्हातारा खोकायचं विसरतो, असा तिचा गळा. देवळापर्यंत येऊ न शकणाऱ्यांसाठी तिने आपली कीर्तनातली पदं ध्वनिमुद्रित करून फोनवरच्या एका गाण्यांच्या ॲपवर ठेवली होती. मुंबईतल्या चाकरमान्यांपासून आखातातल्या नर्सबाईंपर्यंत माणसं ती भक्तीने ऐकत. त्या सकाळी ॲप उघडलं तर तिच्या नावाखाली काहीच नव्हतं. कोरी पाटी.

गाणी ॲपपर्यंत पोचवणाऱ्या कंपनीचं पत्र मात्र नुकतंच येऊन पडलं होतं. तुमची पदं ऐकणारे श्रोते बनावट आहेत. तुम्ही किंवा तुमच्या वतीने कुणीतरी यंत्रं लावून ती वाजवून घेतली आहेत. सात दिवसांत पुराव्यानिशी खुलासा करा, नाहीतर तुमचं नाव कायमचं बाद.

पत्र वाचून होतंय तोवर फोन वाजला. आचऱ्याहून बाळा गावकर बोलत होते. रामेश्वराच्या उत्सवाचं सगळं तेच बघत, आणि महाशिवरात्रीचं कीर्तन अनुजाचं ठरलेलं.

"ताई, राग मानू नकात. पण गावात बोलतत, तुमचे श्रोते खोटे. यंदा जरा थांबूया काय?"

अनुजाने फोन ठेवला. चपला पायात सरकवल्या आणि दोन घरं सोडून राहणाऱ्या आपोलिना टीचरांचं दार वाजवलं.

आपोलिना फर्नांडिस निवृत्त गणित शिक्षिका. रविवारी चर्चमध्ये व्हायोलिन वाजवायच्या, आणि पंचक्रोशीत कुठंही कीर्तन असलं की पहिल्या रांगेत. पर्समध्ये रोझरी, कपाळाला बुक्का. फादरांनी एकदा त्या बुक्क्याबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "ऱ्हवांदे फादर, घाम इलो की आपसूक जायत."

"टीचर, माका खोटारडी ठरवल्यानी," अनुजा उंबऱ्यातूनच म्हणाली.

टीचरांनी तिला बसवलं, पाणी दिलं, पत्र दोनदा वाचलं.

"मगे खुलासो देवया. त्यात काय?"

"खुलासो कसलो? मी काय केलंय ताच माका ठाऊक नाय." अनुजा म्हणाली. "गाणी गेली तर गेली, टीचर. पण माझ्याकडे शब्दाशिवाय दुसरा काय आसा? लोकांका खऱ्यान वागा म्हणान सांगतंय. तीच बाय खोटी ठरली तर? ह्या निस्तरला नाय तर मी परत गादीर उभी रवाचंय नाय. शिवरात्रीक नाय, कधीच नाय."

टीचरांनी पत्राची घडी घातली. मग एकदम म्हणाल्या, "ह्या पत्राचा तू कोणाक सांगलंस?"

"कोणाकच नाय. वाचलंय आणि हंय इलंय."

"मगे आचऱ्याक तुझ्या आधी कसा कळला गो?"

२. रेघ आणि भोक

कलाकाराला आपलं गाणं कुठल्या दिवशी किती वाजलं ते ॲपवर एका आलेखात बघता येतं. गाणी गेली तरी तो जागेवर होता, पण अनुजाने तो कधी उघडलाच नव्हता. गाणारी बाई, ती माणसांचे चेहरे बघणार की रेघा? टीचरांनी तो उघडला आणि चष्मा पुसून परत लावला.

"अनुजा, ही माणसां नव्हत."

"असा कसा म्हणतास?"

"ही मोठी रेघ बघ. सोमवार, रविवार, एकादस, आमावास्या, सगळा एकाच उंचीचा. समुद्राकसुद्धा भरती-ओहोटी आसा. माणसाक नसतली? आणि ह्या बघ. जो कोण ऐकता तो अर्धा मिनिट ऐकता आणि उठान जाता. ॲपवाले तेवढ्यार एक श्रोतो धरतत. तुझो आलापसुद्धा अर्ध्या मिनिटात संपणा नाय!"

अनुजाला त्या दुःखातही हसू आलं.

चाकरमान्यांची, नर्सबाईंची बारीकशी रेघ निराळी, वरखाली होणारी होती; ही सपाट वाजवणी मात्र सगळी एकाच यादीतून आली होती. 'पहाटेची शांती' असं त्या प्लेलिस्टचं नाव. बनवणारा निनावी, ऐकणारे म्हणे परदेशातल्या कुठल्या कुठल्या शहरांतले. यादीत अनुजाची तीन पदं होती, दोडामार्गच्या एका बँडची दोन गाणी होती, आणि बाकी सगळा भरताड. पावसाचा आवाज, पंख्यासारखी घोंघावणारी बासरी, कधी न ऐकलेल्या नावांचे 'कलाकार'.

"परदेशात बसान माझो पाळणो कोण ऐकता टीचर? तेंची पोरां निजतत तरी काय त्यार?"

"ती शहरांपण खोटीच असतली," टीचर पुटपुटल्या. त्यांचं बोट त्या यादीच्या रेघेवरून मागे मागे सरकत होतं. जानेवारी. डिसेंबर. आणि ते थांबलं.

डिसेंबरच्या मध्यावर रेघ एकदम तळाला गेली होती. नुसती उतरली नव्हती, मेली होती. काही दिवस शून्य, आणि मग जणू काही झालंच नाही अशी पुन्हा त्याच उंचीवर.

"मुलांचा गणित तपासताना मी उत्तर बघी नाय," टीचर म्हणाल्या. "खाडाखोड खंय आसा ती बघी. ह्या भोकातसून आपलो चोर दिसतलो."

३. वरचा बांगडा

पहिला संशय डायलनवर जाणं साहजिक होतं. डायलन दोडामार्गचा. रोज गोव्यात नोकरीला, आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःचा बँड. वर गाण्यांची जाहिरात करून देण्याचा जोडधंदा. चतुर्थीच्या आधी त्याने अनुजाला गळ घातली होती, ताई, माझ्याकडे द्या, श्रोते दसपट करतो. अनुजाने हात जोडले होते. आणि त्याच्याच बँडची गाणी त्या यादीत.

दोघी त्याच्या काजूच्या बागेत पोचल्या तेव्हा तो झाडाखाली गिटारला तार घालत होता. टीचरांना बघून त्याने कपाळावर हात मारला.

"टीचर! माझ्या बापायक गणितात नापास केल्यात, तेवढा पुरे नाय? आता माझी पाळी?"

"तुझ्या बापायन वजाबाकीच्या पेपरात मोटारसायकल काढलेली. बरी काढलेली, म्हणान दोन मार्क दिलंय. आता सांग, अनुजाक श्रोते दसपट कसे करणार होतंस?"

"पोस्टर काढून, व्हिडिओ करून. खऱ्या माणसांका सांगून." त्याने फोन काढून पुढे केला. त्याच्या बँडच्या नावाखालीही कोरी पाटी होती. "ह्या बघा. आमचीपण गेली. तीन वर्सां घाम गाळून केलेली गाणी. बँडातलो ड्रमवालो माझ्याशी बोलणा नाय. तेका वाटता, मीच लबाडी केलंय."

"ही लबाडी करतत कशी, ता तुका ठाऊक आसा?" टीचरांनी विचारलं.

"धंद्यात असल्यार कानार येता. एक खोली घेवची. भिंतीभर स्वस्तातले फोन. सगळ्यांर तीच यादी चालू, आवाज बंद. गाणा वाजता, पण ऐकणारो कोण नाय."

"आणि तेच्यात फायदो कोणाचो? माझो तर नाय झालो," अनुजा म्हणाली.

"त्या पावसाच्या आवाजांचो, ताई. ती बिननावाची गाणी फोन लावणाऱ्यांचीच, आणि गाणा वाजला की ॲपवालो पैसे देता. पण नुसतीच तीच वाजवली तर लगेच पकडतले. म्हणान मधी मधी खरी गाणी घालतत." डायलनने आजूबाजूला बघितलं आणि सोप्पं उदाहरण शोधलं. "मासळीची टोपली बघतास मां? वर ताजो बांगडो, खाली कुजको माल. तुम्ही आणि आम्ही वरचे बांगडे. ॲपवाल्यान टोपलीत हात घातल्यान की वरचोच पयलो हातात येता. आमका नाव आसा, गाव आसा. खालच्यांका काय आसा?"

आपल्यावर कुणाचा राग नाही, सूड नाही. आपलं गाणं नुसतं झाकण म्हणून वापरलं, हे अनुजाला रागापेक्षा जास्त लागलं.

"हे फोन मधी बंद ठेवतत?" टीचरांनी सहज विचारल्यासारखं विचारलं. "सणावारी?"

डायलन हसला. "टीचर, ते नाताळाकसुद्धा बंद नसतत. एक दिस बंद म्हणजे धंद्याक खोट."

टीचर उठल्या. जाता जाता वळल्या. "रेकॉर्डिंग खंय करतास रे तुम्ही?"

"आचऱ्याक, निकेतकडे. गोव्यात परवडणा नाय."

"मीपण तेच्याकडेच करतंय," अनुजा म्हणाली.

स्कूटरवर बसताना टीचर स्वतःशीच म्हणाल्या, "नाताळाक बंद नाय. मगे नाताळाच्या आधी कित्याक बंद?"

४. लोणचं आणि कौल

शिवाबुवा आचऱ्याचे ज्येष्ठ कीर्तनकार. महाशिवरात्रीचं कीर्तन कित्येक वर्षं त्यांचंच होतं. अनुजाकडे गेलं तेव्हापासून ते तिला 'फोनवाली बुवीण' म्हणत. टीचरांनी विचारल्यावर बाळा गावकरांनी फोनवर प्रामाणिकपणे सांगून टाकलं होतं, बातमी बुवांकडूनच आली.

बुवा अंगणात सुपारी वाळत घालत होते.

"बुवा, अनुजाचे श्रोते खोटे ह्या तुम्हीच पसरवलात मां?" टीचरांनी आडपडदा ठेवला नाही.

"मी चौघांकच सांगलंय," बुवा तोऱ्यात म्हणाले. "पसरवल्यानी त्यांनी."

"आणि तुमका कोणी सांगल्यान?"

"निकेतान. बाळाचो फोन इलो तेच्या आदल्या दिसाक, तिन्हीसांजेक, बाजारात. म्हणालो, बुवा, ॲपवाल्यांनी अनुजाताईंची गाणी काढून टाकल्यानी, खोटे श्रोते लावलेले म्हणे, बिचारी." मग अनुजाकडे बघून त्यांचा आवाज जरा उतरला. "माका बरा वाटला, खोटा कित्याक बोलू? पण रात्री झोप लागाक नाय. बाय, तुझो गळो खरो आसा. ता माका ठाऊक आसा."

अनुजाने वाकून त्यांना नमस्कार केला.

"तुमची गाणी नायत ती ॲपवर?" टीचरांनी विचारलं.

"कीर्तन म्हणजे काय बरणीत भरूचा लोणचा?" बुवा उसळले. "समोर माणूस नसलो तर मी तोंड उघडूचंय नाय!" त्यांनी कमरेचा फोन काढून दाखवला. बटणांचा, अर्धे आकडे पुसलेला. "ह्याच्यार नातवाचो आवाज येता, तोच पुष्कळ."

"बरा. डिसेंबराच्या मध्याक तुम्ही खंय होतास?"

बुवांनी सुपारी हातातच धरली आणि टीचरांकडे कीव केल्यासारखं बघितलं.

"तुम्ही मालवणच्या, म्हणान इचारतास. आचऱ्याचो माणूस तेव्हा खंय आसतलो? वेशीभायर! गावपळण होती मां."

गावपळण. काही वर्षांच्या अंतराने आचऱ्याचा देव हुकूम करतो आणि सगळा गाव घरं सोडून वेशीबाहेर जातो. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. तीन दिवस, तीन रात्री गावात एक माणूस नसतो, एक आवाज नसतो. तो वेळ देवाचा. मग देवाला कौल लावतात, आणि देव हो म्हणाला तरच माणसं परततात.

"थंडीत राहुटीत पडान कंबर मोडली," बुवा रंगात आले. "आणि यंदा गंमत काय झाली? चौथ्या दिसाक देवान कौलच देवक नाय! म्हणालो, आणखी एक रात काढा. आम्ही काढली. तो निकेत मात्र मुंगये चावल्यासारखो नाचत होतो. घडीघडी बाळाक इचारी, देव कधी सोडतलो? बाळा म्हणालो, मेल्या, देव काय यष्टीचो कंडक्टर आसा?"

अनुजा हसली. टीचर हसल्या नाहीत. त्यांनी फोन काढला, तो आलेख उघडला आणि बुवांना विचारलं, "गाव भायर पडलो तो वार खंयचो? आणि कौल झालो तो?"

बुवांनी सांगितलं. टीचरांचं बोट रेघेवर एकदा थांबलं, थोडं पुढं गेलं, पुन्हा थांबलं.

"अनुजा," त्या उठत म्हणाल्या, "गाडी काढ."

५. माफीचा कागद

निकेतचा स्टुडिओ आचरा तिठ्याजवळ. पुढे रेकॉर्डिंगची खोली, मागे एक बंद दार. रेकॉर्डिंग चालू नव्हतं, तरी त्या मागच्या खोलीचं एसी घुरघुरत होतं.

"या ताई, या टीचर." निकेत शहरी मराठीत बोलला, गिऱ्हाइकांशी तो तसंच बोलायचा. "मी तुमचीच वाट बघत होतो. एक मार्ग सापडलाय. माझ्या ओळखीच्या एकाने सांगितलं, अशा वेळी चूक कबूल करायची. लिहून द्यायचं की जाहिरातवाल्याने माझ्या नकळत केलं, माफ करा. एकदा माफी मागितली की गाणी परत देतात. मी मसुदाही केलाय."

त्याने कागद आणि पेन पुढे ठेवलं. कागदावर खाली अनुजाचं नाव टाइप केलेलं होतं. फक्त सहीची जागा मोकळी.

अनुजाने पेन उचललं. महाशिवरात्र परवावर आली होती. एक सही, आणि पदं परत. वडील गेल्यावर पहिल्यांदा गायलेला पाळणाही परत. तिने कागदाकडे बघितलं, आणि पेन खाली ठेवलं.

"मी कोणाकडसून काय करून घेवक नाय, निकेत. खोटी सही करून खरी कशी ठरतलंय?"

"ताई, हट्ट करू नका. मुदत संपली तर..."

"निकेत," टीचर मध्येच म्हणाल्या, "एसी कोणासाठी चालू आसा?"

"मशिनं आहेत टीचर. गार ठेवावी लागतात."

"बरा. आता तू बस. तुका एक गणित सांगतंय." त्या स्टुलावर बसल्या, वर्गात बसायच्या तशा, पाठ ताठ. "अनुजाची गाणी कोणीतरी यंत्रांर वाजवी होतो. परदेशातली शहरां दाखवी होतो, म्हणजे यंत्रां खंय आसत ता कळूक नको. पण डिसेंबरात ती यंत्रां बंद पडली. कधी? आचरा रिकामा झाला त्या दिसाक. चालू कधी झाली? आचऱ्याचो माणूस परत इलो त्या दिसाक."

"योगायोग असेल," निकेत म्हणाला.

"माकापण तसा वाटला असता. गावपळण तीन दिसांची, ता सगळ्या जिल्ह्याक ठाऊक. कोणी भायरचो लबाड असतो आणि आचऱ्याकडे बोट जावचा म्हणान मुद्दाम यंत्रां बंद करतो, तर तेना चौथ्या दिसाक ती चालू केली असती. पण यंदा चौथ्या दिसाक कौल मिळूक नाय. आणि चौथ्या दिसाक रेघपण उठूक नाय. ती पाचव्या दिसाक उठली, तुम्ही घराक इल्यार." टीचर जरा पुढे झुकल्या. "देवाच्या कौलाची वाट बघणारी यंत्रां मी जन्मात बघूक नाय, निकेत. ती आचऱ्यातच आसत. आणि ती लावणारो राहुटीत बसान कौलाची वाट बघी होतो."

निकेतने घसा खाकरला. "आचऱ्यात काय मी एकटा राहतो?"

"नाय. सगळो गाव ऱ्हवता. पण त्या यादीतली खरी गाणी सगळी तुझ्याकडे रेकॉर्ड झालेली. आणि दुसरा. कंपनीचा पत्र अनुजाक सकाळी इला. तू शिवाबुवांका आदल्या तिन्हीसांजेक सांगलंस."

"ॲपवर दिसलं मला. गाणी नव्हती म्हणून."

"गाणी नायत ह्या दिसात. पण ती खोट्या श्रोत्यांपायी काढली, ह्या खंय दिसता? ता पत्र येईपर्यंत अनुजाक ठाऊक नव्हता, माका नव्हता. जेच्या भिंतीवरची गाणी अचानक गप्प झाली, तेकाच कळतला, कित्याक गप्प झाली ता."

निकेत उभाच होता, पण खांदे उतरले होते.

टीचरांचा आवाज मऊ झाला. "माका एकच सांग, झिला. गाव रिकामो. कुत्रोसुद्धा नाय. कोण बघूक येणार नव्हतो. तरी ते फोन बंद कित्याक केलंस?"

उत्तर आलं तेव्हा त्यातलं शहरी मराठी गळून पडलं होतं.

"देव होतो मां गावात, टीचर." तो जमिनीकडे बघत होता. "सगळ्यांनी गाव तेका सोडून दिलेलो. तेच्यासमोर खोटा गाणा कसा वाजवूचा? हात धजाक नाय."

अनुजा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आणि बाकीच्या दिवसांनी देव खंय गेलेलो रे, निकेत?"

कीर्तनात एखादा प्रश्न असा येतो की सभेतलं प्रत्येक माणूस तो आपल्यालाच विचारला असं समजतं. निकेतने खिशातून किल्ली काढली आणि दाराकडे बोट दाखवलं.

आत भिंतभर फळ्या होत्या आणि फळ्यांवर बॅटऱ्या काढून थेट विजेवर लावलेले फोन. ओळीने, पणत्या मांडाव्यात तसे. पण पणतीला उजेड असतो. इथं प्रत्येक पडद्यावर एक गाणं मुकाट सरकत होतं. अनुजाची जागा आता दुसऱ्या कुणी घेतली होती. पडद्यापडद्यावर खारेपाटणच्या एका तरुण भजनी बुवाचा फोटो हसत होता.

"ह्यो बिचारो घराक बसान खूश असतलो," अनुजा हळूच म्हणाली. "श्रोते वाढले म्हणान. पुढच्या म्हयन्यात तेकापण पत्र." ती निकेतकडे वळली. "आमचीच गाणी कित्याक घेतलंस?"

"बाकी सगळो भुसो होतो, ताई." त्याचे डोळे भरले होते. "माझ्याकडे खरा म्हणण्यासारखा तेवढाच होता."

अनुजाने माफीच्या कागदाचे चार तुकडे केले. मग भिंतीवरच्या मोठ्या बटणाला हात घातला आणि ते खाली ओढलं. एसी थांबला. एकेक करून फोन काळे पडले.

६. व्हय म्हाराजा

निकेतने त्याच दिवशी सगळं लिहून दिलं. फोनांच्या भिंतीचे फोटो, बिननावाच्या गाण्यांची यादी, कोणाच्या सांगण्यावरून ती वाजत होती त्यांची नावं. टीचरांनी त्याला आपला आलेख जोडला, रेघेतल्या भोकाखाली गावपळणीचे वार लिहिले, आणि ते सगळं कंपनीकडे धाडलं. एक प्रत जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडे. निकेत स्वतः पोलिसांसमोर जाऊन बसला. पण कंपनीचं उत्तर काही येईना. महाशिवरात्र उजाडली, दुपार झाली, मुदतीचा दिवस कलायला लागला, तरी नाही.

बाळा गावकर स्वतः मालवणला येऊन अनुजाला घेऊन गेले. "ताई, कंपनी काय ता म्हणूंदे. गादी आमची आसा. त्यार कोणाक उभा करूचा ता आम्ही ठरवतलो."

देऊळ भरलं होतं. बाहेर सुरंगीच्या फुलांचे वळेसार, म्हणजे गजरे, विकणाऱ्या बायका, आत गजबज. डायलन आपला सगळा बँड घेऊन आला होता. त्याचा ड्रमवाला आता त्याच्या खांद्यावर हात टाकून बसला होता.

कीर्तनाआधी बाळा गावकर गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. आणि त्यांच्या शेजारी, हात जोडून, निकेत.

"बा देवा रामेश्वरा म्हाराजा," बाळांनी सुरू केलं, "ह्यो तुझो लेकरू चुकलो. आमच्या चेडवाच्या, अनुजाच्या गाण्याखाली तेना लबाडी लपवल्यान. आज तो चार माणसांत आपल्या तोंडान सांगता. तेका शिक्षा काय ती कायदो देयत. तू तेका खऱ्याची वाट दाखव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सभामंडप गरजला.

निकेतने सगळं सांगितलं. एकही वाक्य गाळलं नाही. शेवटी तो अनुजाकडे वळून म्हणाला, "ताई खरी आसा. खोटो मी." आणि खाली बसला तो कोपऱ्यात, चपलांपाशी. अनुजाने एकाला पाठवून त्याला आत आणून बसवलं. कीर्तनाला आलेला माणूस बाहेर बसत नाही, एवढंच ती म्हणाली.

मग ती गादीवर उभी राहिली. साथीला मागे झांज घेऊन कोण होतं? शिवाबुवा. कुणी बोलावलं नव्हतं. "साथीक माणूस कमी वाटलो," असं पुटपुटत ते स्वतःच जाऊन उभे राहिले होते, आणि जन्मभर पुढे उभा राहिलेला तो माणूस मागे उभा राहून असा टिपेचा सूर देत होता की पखवाजवाल्याला घाम फुटला.

पूर्वरंग झाला. देवाला दिसतं ते कुणी लपवू शकत नाही, हेच निरूपण. पण अनुजाच्या तोंडून त्यात कुणाला टोचणी नव्हती, नुसती माया होती. मध्यंतराला रिवाजाप्रमाणे कीर्तनकाराला हार घालायचा, बुक्का लावायचा. बाळांनी हार आपोलिना टीचरांच्या हातात दिला.

टीचर हार घेऊन पुढे निघाल्या, तेवढ्यात त्यांच्या पर्समधला फोन थरथरला. त्या मंडपाच्या मधोमध थांबल्या. वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. लोक कुजबुजायला लागले.

मग त्यांनी गादीपाशी जाऊन अनुजाच्या गळ्यात हार घातला, कपाळाला बुक्का लावला आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "सगळी परत इली, गो. पाळणोपण. डायलनचीपण. ती यादीच मुळासकट उपटल्यानी. आणि तुका लिवल्यानी, कलाकार निर्दोष, आमची चूक झाली."

अनुजाने डोळे मिटले. उघडले तेव्हा सगळा मंडप श्वास धरून तिच्याकडे बघत होता.

"मंडळी," ती म्हणाली, आणि टीचरांकडे हात केला. टीचरांनीच मग वर्गात निकाल वाचावा तशा खणखणीत आवाजात ते पत्र मोठ्याने वाचून दाखवलं.

मग डायलनच्या ड्रमवाल्याने पहिली टाळी दिली, आणि देवळाची कौलं हलतील असा गजर उठला. बाळा गावकर नाचत होते. बायकांनी वळेसार काढून अनुजावर उधळले. निकेत दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होता, आणि शेजारचा म्हातारा त्याच्या पाठीवर थोपटत होता.

"रडान झाला काय सगळ्यांचा?" शिवाबुवांनी मागून दरडावलं. "उत्तररंग ऱ्हवलो हा अजून. बाय, उचल चिपळी!"

अनुजाने हसत डोळे पुसले आणि चिपळी उचलली.